दोष सांगून विकलेली लेन्स

बँकेतील नोकरीची चौतीस वर्षे मी इतरांच्या मालाचे मूल्य ठरविण्यात घालविली. गोदामातील साखर असो, कारखान्यातील यंत्रे असोत की तिजोरीतील सोने, कर्ज मंजूर करण्यापूर्वी एक प्रश्न मी न चुकता विचारीत असे : "या मालाविषयी आम्हांला सांगायचे राहिले, असे काही आहे का?" निवृत्तीनंतर छायाचित्रणाचा छंद जोपासताना एके दिवशी हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि या वेळी उत्तर मला द्यायचे होते. प्रसंग लहान होता, रक्कम अवघी चौदा हजारांची. तरीही आपल्या व्यापारी घरांतील तरुण मंडळींना तो सांगण्याजोगा वाटला, म्हणून हा लेख.

मुळशी तालुक्यातील रिहे हे गाव पुण्याच्या पश्चिमेला आहे. पिरंगुटच्या पुढे घोटवडे फाट्याला वळून घोटवडे मागे टाकले, की रिहे खोरे सुरू होते. आषाढात तेथे भाताची लावणी चालते. ती टिपण्यासाठी आम्ही चार-पाच हौशी छायाचित्रकार दरवर्षी जातो. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, औषधांचे एक घाऊक व्यापारी आहेत आणि त्या खोऱ्यातीलच एक तरुण आहे. लग्न, हळद, बारसे यांची छायाचित्रे काढून तो आपला चरितार्थ चालवितो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पावसाने आम्हांला शेतातून हुसकावून लावले. आम्ही त्या तरुणाच्या घरच्या ओसरीवर बसलो. चहा आला आणि छायाचित्रकार एकत्र जमले म्हणजे जो विषय हमखास निघतो, तो निघाला : कोणाकडे कोणती लेन्स आहे, कोणाला ती विकायची आहे, कोणाला कशाच्या बदल्यात काय हवे आहे. माझ्याकडील 85 मि.मी.ची जुनी लेन्स त्या तरुणाने चौदा हजारांना घ्यायची, असे आधीच ठरले होते. तीच मी बरोबर आणली होती.

ओसरीच्या कोपऱ्यात त्याची आजी तांदूळ निवडत बसली होती. वर भिंतीवर आजोबांची तसबीर होती. मतदार ओळखपत्रावरील इवलेसे चित्र मोठे करून ती घडविलेली. चेहरा कमी आणि ठिपकेच अधिक. आम्ही तिकडे पाहतो आहोत हे आजीच्या ध्यानात आले. ती म्हणाली, "त्यांचं आसं झालं बघा, सायेब. मेल्यावर भितीला लावायचा माझा फोटू तरी आत्ताच नीट काढून ठेवा." नातू ओशाळला. ही लेन्स त्याला कशासाठी हवी होती, ते मला तेव्हा कळले.

लेन्स म्हणजे अंतराची निवड

"मोबाइलवर काढलेला फोटो आजीला का आवडत नाही?" असे त्याने प्राध्यापकांना विचारले. त्यांचे उत्तर येथे सविस्तर देतो, कारण व्यक्तिचित्रासाठी लेन्स निवडण्याचे सारे मर्म त्यात आहे.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा दृष्टिकोन रुंद असतो. चेहऱ्याने चौकट भरायची तर तो अगदी जवळ न्यावा लागतो. नाकाचा शेंडा कॅमेऱ्यापासून 40 सें.मी.वर असला आणि कान त्याच्यामागे सुमारे 12 सें.मी. असला, तर कान 52 सें.मी.वर पडतो. जवळची वस्तू मोठी दिसते. त्यामुळे कानाच्या तुलनेत नाक 30 टक्के मोठे उमटते. हेच चित्र 2 मीटरवरून घेतले, तर हिशेब 200 आणि 212 सें.मी.चा होतो आणि तफावत 6 टक्क्यांवर येते. म्हणजे चेहरा बिघडतो तो लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे. लांब पल्ल्याची लेन्स आपल्याला योग्य अंतरावर उभे राहू देते, एवढेच तिचे काम.

म्हणून 35 मि.मी. फिल्मच्या आकाराच्या, म्हणजेच फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रासाठी 85 ते 135 मि.मी.च्या लेन्सना पसंती मिळत आली आहे. परंतु आपल्याकडील बहुसंख्य तरुणांच्या कॅमेऱ्यातील सेन्सर लहान, एपीएस-सी आकाराचा असतो. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर 50 मि.मी.ची लेन्स 75 मि.मी.सारखी, तर 85 मि.मी.ची जवळजवळ 127 मि.मी.सारखी दृश्यचौकट देते. कमरेपासून डोक्यापर्यंतचे चित्र उभ्या चौकटीत बसवायचे तर पहिलीला सुमारे सात फूट अंतर लागते, दुसरीला सुमारे बारा फूट.

प्राध्यापकांनी पावलांनी ओसरी मोजली. जेमतेम आठ फूट भरली. "बारा फुटांवर जायचे तर तुला पावसात, अंगणात उभे राहावे लागेल," ते हसून म्हणाले. लेन्स घेताना भावाआधी आपल्या ग्राहकांची घरे केवढी आहेत ते पाहावे, ही गोष्ट मला त्या दिवशी नव्याने उमगली.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स तिच्या लांब टोकाला एफ 5.6 इतकीच उघडते. एफ 1.8ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ ते दहा पट प्रकाश आत घेते. पावसाळी ओसरीवर हा फरक निर्णायक ठरतो. मात्र ती पूर्ण उघडली की डोळा स्पष्ट आणि कान धूसर, अशी अवस्था होते. म्हणून चेहऱ्यासाठी एफ 2.8 किंवा एफ 4 ठेवणे बरे.

चेहऱ्यासाठी वेगळी लेन्स असावी हा विचार छायाचित्रणाइतकाच जुना आहे. 1839 मध्ये दागेरची पद्धत जगापुढे आली, तेव्हा चित्रासाठी माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. 1840 मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी आकडेमोड करून बराच अधिक प्रकाश घेणारी लेन्स रचली आणि फोग्टलेंडर यांनी ती बाजारात आणली. व्यक्तिचित्राचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो तिच्यामुळे. पुढे मोबदल्यावरून या दोघांचे बिनसले. लेन्सचा व्यवहार आणि मनातील किंतु यांची सोबत अशी पहिल्यापासूनची आहे.

आपल्या वाचकांना राजा दीनदयाळ हे नाव परिचित असेल. 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. रूडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले आणि छंद म्हणून धरलेल्या कॅमेऱ्याने त्यांना निजामाच्या दरबारापर्यंत नेले. 1892 मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि त्याचा कारभार एका स्त्रीकडे सोपविला. 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ सुरू केला. समोरच्याचा विश्वास बसल्याशिवाय चेहरा उमटत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

टॉर्चच्या उजेडात

आता माझ्या लेन्सकडे वळतो. आदल्या रात्री ती पिशवीत भरताना मी सहज टॉर्च लावून आरपार पाहिले. मागील भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. बुरशी! दोन पावसाळे ती लेन्स चामडी पाकिटात, कपाटात पडून होती. हवेतील आर्द्रता 60-65 टक्क्यांवर राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली, की भिंगावरील धुळीवर बुरशी वाढते. तिच्यातून स्रवणारी आम्ले भिंगावरील लेप कायमचा खातात. चामडे ओल धरून ठेवते, हे ठाऊक असूनही मी आळस केला होता.

त्या रात्री माझ्या मनाने जे युक्तिवाद केले ते प्रांजळपणे सांगतो. चित्रात अजून काही दिसत नाही. दिवसाच्या उजेडात ते त्याच्या लक्षात येणार नाही. भाव त्याने स्वतः मान्य केला आहे. आणि जुना माल म्हणजे 'आहे तसा'. कर्जदारांच्या तोंडून असे युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकले होते. स्वतःच्या तोंडी ते इतके सफाईदार असतील, असे वाटले नव्हते.

ओसरीवर त्याने खिशातून नोटांची घडी काढली. मी म्हणालो, "थांब. आधी टॉर्च लाव." आणि ते धागे त्याला दाखविले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग औषधांचे व्यापारी म्हणाले, "मुदत संपत आलेला माल एकदा खपविता येतो, भाऊसाहेब. पण तो दुकानदार पुन्हा आपल्या पायरीला येत नाही."

तरुण म्हणाला, "साहेब, किंमत कमी करा, मी घेतो." त्याने लेन्स कॅमेऱ्यावर चढविली आणि बटन दाबले. काहीच हलले नाही. बुरशीनेच बिघाड झाला असावा, अशा समजुतीने त्याचा चेहरा उतरला. प्राध्यापकांनी उलगडा केला. माझी लेन्स निकॉनच्या जुन्या 'एएफ-डी' प्रकारची; फोकस फिरविणारी मोटर तिच्यात नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. माझ्या मोठ्या कॅमेऱ्यात ती होती. त्याच्या पाच हजार मालिकेतील कॅमेऱ्यात नव्हती. लग्नाच्या धावपळीत हाताने फोकस करीत बसणे त्याला परवडणारे नव्हते. ठाऊक असलेला दोष मी सांगितला होता. पण हा माल त्याच्या कामाचा आहे की नाही, हे विचारायचे माझ्या डोक्यातही आले नव्हते. व्यवहार तेथेच मोडला.

घेणाऱ्याने काय पाहावे

जुन्या सामग्रीचा बाजार सध्या घेणाऱ्याला अनुकूल आहे. 2018 मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आपले नवे मिररलेस माउंट आणले, तेव्हापासून अनेक जण पूर्वीच्या माउंटच्या उत्तम लेन्स विकू लागले. कॅमेऱ्याचा घसारा यंत्रासारखा, भरभर होतो. नीट सांभाळलेल्या लेन्सचा फार सावकाश. म्हणून मर्यादित भांडवल असलेल्याने जुना कॅमेरा आणि चांगली लेन्स यांचा मेळ घालावा.

मात्र तपासणी कसून करावी. झडप पूर्ण उघडून टॉर्चने आरपार पाहावे. झडपेच्या पात्यांवर तेल नाही ना, ते बघावे. स्क्रूवर पेचकसाचे ओरखडे असतील, तर लेन्स पूर्वी खोललेली आहे असे समजावे. आपल्याच कॅमेऱ्यावर लावून, पूर्ण उघड्या झडपेने डोळ्यावर फोकस करून चित्रे काढावीत व ती मोठी करून पाहावीत. कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले तो आकडा विचारावा. मोटारीच्या किलोमीटरसारखे त्याचे महत्त्व आहे.

शेवटी लेन्सवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहावा. 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 27 सांगते, की सर्वसाधारणपणे विकणाऱ्याजवळ जेवढी मालकी असेल तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोरीचा कॅमेरा रोख पैसे मोजून घेतला, तरी तो आपला होत नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेला माल घेणे, हेही मोजले आहे. फार स्वस्त मिळणारी वस्तू हाती घेताना हा शब्द आठवावा.

आपल्यापैकी कोणी जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापार करीत असेल, तर आणखी एक गोष्ट. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल आणि माल आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्तीने विकला असेल, तर सीजीएसटी नियम 32(5)नुसार वस्तू-सेवा कराचे मूल्य खरेदी-विक्रीच्या फरकावर धरता येते. यासाठी प्रत्येक नगाची खरेदी-नोंद क्रमांकासह ठेवावी. तीच नोंद चोरीच्या मालापासूनही आपले रक्षण करते.

पेटीतले चित्र

पुढच्या आठवड्यात तो तरुण आणि मी पुण्यातील एका दुकानात गेलो. 50 मि.मी., एफ 1.8ची, स्वतःची मोटर असलेली वापरलेली लेन्स वर सांगितल्याप्रमाणे पारखून साडेसहा हजारांना घेतली. माझी लेन्स मी कारागिराकडून साफ करून घेतली. लेपावर एक पुसट डाग राहिलाच. तो दोष कागदावर लिहून, त्याखाली सही करून ती नाशिकच्या एका हौशी गृहस्थांना नऊ हजारांना दिली. पाच हजार गेले. सहा महिन्यांनी त्यांचा दूरध्वनी आला : "आणखी काही विकायचे आहे का? असल्यास न पाहता घेईन." आता माझ्या सर्व लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतामापक यांच्यासह असतात. काटा 40 ते 50च्या दरम्यान आहे ना, हे मी दर रविवारी पाहतो.

आजीचे चित्र नातवाने त्याच ओसरीवर, दाराकडून येणाऱ्या उजेडात, सात फुटांवरून काढले. छापलेले चित्र तिने डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पदराने पुसले. "ही मीच हाय," ती म्हणाली. आम्हांला वाटले, ती लगेच चौकटीत बसवायला सांगेल. तिने ते आपल्या पत्र्याच्या पेटीत, घडीच्या लुगड्याखाली ठेवले आणि नातवाला बजावले, "कुठं ठिवलंय ते ध्यानात ठेव. येळ आली की काढ."

आम्ही यंदाही लावणीला गेलो होतो. पेटी अजून बंद आहे, आणि चहा आजीनेच केला.