कर्करोगाचें संशोधन आणि आपलें दान

दानाचे प्रकार आपल्या घराण्यांतून ठरून गेलेले आहेत. मुंजीच्या वेळीं देवस्थानास कांहीं रक्कम, पितृपक्षांत भोजन, गांवच्या शाळेस एखादी खोली. सोनारीस भैरवनाथाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू देवळाभोवतींच्या वानरांनाहि कांहीं घातल्यावांचून परतत नाहीं. या दानांत घेणारा समोर दिसतो. संशोधनास दिलेला पैसा कोणाच्या उपयोगी पडला हें दात्यास कळत नाहीं, आणि म्हणून त्याचा हात आंखडतो. परंतु असा पैसा खुद्द आपल्या जिल्ह्यांत काय करून गेला, हें फार थोड्या घरीं ठाऊक आहे.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजींनीं पत्नीच्या नांवें न्यास स्थापिला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगांत कोठेंहि चाललेल्या त्या रोगाच्या संशोधनास मिळावा, अशी योजना होती. त्याच वर्षीं तेहि गेले. त्यांच्या दुसऱ्या न्यासाच्या द्रव्यांतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें.

याच रुग्णालयाच्या साह्यानें १९८७ सालीं बार्शीस कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि आमचा परांडा या तालुक्यांतील खेडीं तींत आलीं. देशांतील ही पहिली ग्रामीण नोंदणी. शहरांतला रोगी रुग्णालयांत जातो, खेड्यांतला घरींच खंगतो. म्हणून कार्यकर्त्यांस गांवोगांव हिंडून लक्षणें समजावून सांगावीं लागलीं. बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें प्रमाण सर्वांत अधिक, हें या नोंदींनीं दाखविलें. हा रोग असा कीं सून सासूजवळ बोलत नाहीं आणि सासू मुलाजवळ बोलत नाहीं. रक्तस्राव असह्य होईपर्यंत घरांत कोणासहि पत्ता लागत नाहीं.

१९९९ सालीं बार्शीचें नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्सांतील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं जिल्ह्यांत (तेव्हां उस्मानाबाद म्हणत) मोठा प्रयोग आरंभिला. द्रव्य दिलें अमेरिकेंतील गेट्स दांपत्याच्या प्रतिष्ठानानें. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गांवांचे ५२ समूह, आणि त्यांचे चार गट. एका गटांत एच. पी. व्ही. या विषाणूची परीक्षा. दुसऱ्यांत पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. तिसऱ्यांत सौम्य ॲसेटिक अम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं तपासणें. चौथ्या गटास केवळ माहिती देऊन नेहमींच्या सोयींवर सोडलें. पहिल्या तीन गटांतील दहांपैकीं सुमारें आठ स्त्रिया तपासणीस आल्या. ज्या घरांत हा विषय निघत नाहीं त्याच घरांतून त्या आल्या, हें मला आंकड्यांहून मोठें वाटतें.

२००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत चौथ्या गटांतील ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ या रोगानें दगावल्या. विषाणुपरीक्षेच्या गटांत ३४,१२६ पैकीं ३४. आयुष्यांत एकदां केलेल्या परीक्षेनें मृत्यु जवळजवळ निम्मे झाले. इतर दोन पद्धतींनीं तसा ठळक फरक दिसला नाहीं. पुढें २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि विषाणुपरीक्षेसच अग्रस्थान दिलें.

चौथ्या गटाविषयीं पुढें टीका झाली, आणि ती अगदींच अनाठायी होती असें मी म्हणणार नाहीं. तुलनेवांचून सत्य सिद्ध होत नाहीं हें खरें. पण त्या चौसष्ट जणी आपल्याच लेकी-सुना होत्या. पैसा परदेशांतून आला, शरीरें आपल्या खेड्यांनीं दिलीं. मग पैशाच्या बाजूस आपण अगदींच रिकामे राहावें काय?

वर्षश्राद्धाच्या निमित्तानें घरांतील मिळवत्या मंडळींनीं मिळून एक रक्कम बाजूस काढली, तर ती कोणास जड जाणार नाहीं. रुग्णांस मदत आणि संशोधन हीं खातीं निराळीं समजावींत. संस्थेस पाठवितांना ‘संशोधनाकरितां’ असें पत्रांत स्पष्ट लिहावें व पावती घ्यावी. बार्शी आपणांस दूर नाहीं. स्वतः जाऊन चौकशी करावी, आणि जातांना घरांतील तिशी उलटलेल्या बायकांस तपासणीकरितां बरोबर न्यावें.