'वे डाउन ईस्ट' : जेवणाच्या टेबलाशी झालेला निवाडा

आज एक मूकपट घेऊ. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'वे डाउन ईस्ट', १९२० सालचा. लोकांना आठवते ती बर्फाच्या लादीवर बेशुद्ध होऊन वाहत चाललेली लिलियन गिश. मला मात्र त्याआधीचा जेवणाचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो.

कथा थोडक्यात सांगतो. अ‍ॅना ही गरीब घरची मुलगी. सँडरसन नावाचा श्रीमंत माणूस खोटं लग्न लावून तिला फसवतो आणि दिवस गेल्यावर सोडून देतो. मूल जन्मतं, दगावतं. काम शोधत ती बार्टलेट कुटुंबाच्या शेतावर येते. तिथला मुलगा डेव्हिड तिच्या प्रेमात पडतो. वडिलांनी मात्र त्याच्यासाठी नात्यातली केट मनात धरलेली. अ‍ॅना डेव्हिडला नकार देते, पण कारण सांगू शकत नाही.

पुढे गावातल्या चुगलीतून वडिलांना सगळं कळतं, आणि ते तिला भर हिमवादळात घराबाहेर काढतात.

आता बघा, वडिलांना कळलेलं खोटं आहे का? नाही. तिला मूल झालं होतं, हे खरंच. तर्कशास्त्रात विधान खरं की खोटं एवढं पाहून भागतं. न्याय करताना भागत नाही. ही गोष्ट घडली कशी, त्यात आणखी कोण होतं, हे विचारावं लागतं. आणि तो 'आणखी कोण' त्याच टेबलाशी मानाचा पाहुणा म्हणून बसलाय! घर सोडण्यापूर्वी अ‍ॅना त्याच्याकडे बोट दाखवते. माझं आयुष्य तपासलंत, मग याचंही तपासा, असं तिचं म्हणणं.

ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेच्या घटनेत स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती झाली. सप्टेंबरमध्ये हा चित्रपट आला. मतपेटीपाशी स्त्रीचं म्हणणं मोजायचं ठरलं, पण घरात? तिथे मुलाचं लग्न, घराण्याचं नाव, सगळ्याचा हिशेब वडीलच मांडणार.

शेवटी वडील माफी मागतात, लग्नं लागतात. ग्रिफिथ सगळं गोड करतो. पण एक लक्षात घ्या. अ‍ॅनाबद्दलची माहिती तीच राहिली. भर पडली ती फक्त दुसऱ्या बाजूची. तेवढ्यानं निवाडा उलटला. म्हणून चित्रपट पाहाल तेव्हा नदीपर्यंत पोचायची घाई करू नका. टेबलाशी कोण उभं आहे आणि कोण बसलंय, ते नीट पाहा.