अर्थ नंतर, आधी मोठ्याने वाचा!

वर्गात कविता संपली की प्रश्न ठरलेला: 'कवीला काय म्हणायचं आहे?' निरर्थक कवितेपुढे हा प्रश्न टिकत नाही. म्हणूनच नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांच्या हाती ती लवकर पडावी. तिच्या कुळातल्या या काही गमतीजमती.

पोपट, राणी आणि पाच ओळी

इंग्रज चित्रकार-कवी एडवर्ड लिअरने विशीच्या उंबरठ्यावर पोपटांच्या चित्रांचं देखणं पुस्तक काढलं. त्यामुळे लॉर्ड डर्बीच्या घराण्याने त्याला आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयातले पशुपक्षी चितारायला बोलावलं. तिथल्या लहानग्यांसाठी त्याने पाच-पाच ओळींच्या कविता रचल्या. १८४६ साली त्यांचं पुस्तक निघालं तेही टोपणनावाने, आणि त्याच वर्षी तो व्हिक्टोरिया राणीला चित्रकला शिकवत होता!

लिअरच्या या कवितांसोबत त्याचंच चित्र असतं. वर्गात ते आधी झाकून ठेवावं. कविता ऐकून मुलांना आपापलं चित्र काढू द्यावं आणि मग लिअरचं उघडून दाखवावं. कोणी काय ऐकलं, हे त्या चित्रांतून लख्ख कळतं.

मुंबईत छापलेला चक्रमपणा

हाच लिअर १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला. पुढच्या वर्षी मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याची 'द कमरबंद' ही कविता छापून आली. साहेबांच्या घरात रोज कानावर पडणारे देशी शब्द त्याने फक्त नादासाठी उचलले आणि त्यांना भलतीच कामं लावली. त्यात धोबी ही बसायची जागा आहे आणि कमरबंद हे माणूस गिळणारं चिडकं जनावर! इंग्लंडच्या मुलाला हे शब्द केवळ विचित्र वाटणार. आपल्या मुलांना मात्र खरा धोबी ठाऊक असतो, त्यामुळे त्यांना दुप्पट हसू येतं. इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक बाईंनी ही कविता वर्गात न्यावी असं मला फार वाटतं.

आरशात वाचायची कविता

लुईस कॅरलच्या 'जॅबरवॉकी'चं पहिलं कडवं १८५५ मधलं, घरच्या हस्तलिखितासाठी लिहिलेलं. पूर्ण कविता १८७१ च्या अखेरीस अ‍ॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकात आली. तिथे ते कडवं उलट्या अक्षरांत छापलंय, म्हणजे वाचायला आरसाच हवा. एक छोटा आरसा वर्गात नेला की वाचायला रांग लागते.

गंमत पुढेच आहे. त्यातले कितीतरी शब्द कॅरलच्या पदरचे, तरी कोणी कोणाला मारलं हे मुलं बिनचूक सांगतात, कारण वाक्याचे सांधे अस्सल इंग्रजी आहेत. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने हीच जाण तपासली. मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून 'हा वग' म्हणून सांगितलं आणि मग दोन दाखवून विचारलं, हे काय? मुलांनी न ऐकलेल्या शब्दाचंही अनेकवचन करून दाखवलं. घरी करून पाहा. 'एक घुबटा, दोन...?' मूल 'घुबटे' म्हणेल आणि लगेच 'घुबट्याला' लाडू द्यायला निघेल. व्याकरणाचं पुस्तक अजून उघडायचंच असतं!

परीक्षेतले परग्रहवासी

इंग्लंडात २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांना ४० शब्द मोठ्याने वाचायला देतात. त्यातले निम्मे बनावट! खोट्या शब्दाशेजारी परग्रहवासी वाटावा अशा काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मूल खऱ्या शब्दाच्या शोधात अडकत नाही. बनावट शब्द देण्याचं कारण साधं आहे. ओळखीचा शब्द आठवणीतून म्हणता येतो, नवा मात्र अक्षरं जुळवूनच वाचावा लागतो. फक्त परीक्षेत हे शब्द सुटेसुटे, कोरडे येतात. कवितेत ते ताल धरून येतात, आणि मूल तेच अवघड काम आनंदाने पुन्हा पुन्हा करतं.

पन्नास शब्दांची पैज

असा ताल धरायला फार शब्द लागतातच असं नाही. बाललेखक डॉ. स्यूसचं 'द कॅट इन द हॅट' (१९५७) अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत बसलंय. मग प्रकाशक बेनेट सर्फने पैज लावली: पन्नास शब्दांत लिहून दाखव. १९६० मध्ये 'ग्रीन एग्ज अँड हॅम' आलं, मोजून पन्नास शब्दांचं.

बदक आणि साळिंदर

बंगालीत निरर्थक कवितेचं राज्य सुकुमार रायांचं. सत्यजित रायांचे हे वडील. त्यांचा 'आबोल ताबोल' १९२३ च्या सप्टेंबरात निघाला, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी. आजाराशी झुंजत पूर्ण केलेलं हे पुस्तक बंगाली घरांत आजही पाठ म्हटलं जातं. त्यातला एक प्राणी बदक आणि साळिंदर जोडून झालेला, आणि त्याचं चित्रही रायांच्याच हातचं.

ही जोडणी दुसरीच्या मुलांना लगेच जमते. उंट अधिक उंदीर, उंटीर. बेडूक अधिक कबूतर, बेडूतर. तो राहतो कुठे, खातो काय, रागावला की ओरडतो कसा, हे त्यांनीच यमकात सांगायचं. शब्दार्थांची यादी फळ्यावर लिहायचीच असेल, तर तीही मुलांकडूनच लिहून घ्यावी.