आधी कान, मग डोळे

कॅथलिकांना बायबल सापडलं ते १९६५ नंतर, असं आमच्यातलेच काही अभ्यासक हल्ली परिसंवादांतून ठासून सांगतात. वसईच्या देवळांत चाळीस वर्षं वाचक घडवण्यात घालवलेल्या माणसाला हे पटणं शक्य नाही. घरोघरी छापील बायबल नव्हतं, हे कबूल. पण शास्त्र म्हणजे छापील पोथी, असं कोणी ठरवलं? आमच्या परंपरेत वचन आधी कानावर पडतं, मग डोळ्यांपुढे येतं. त्याचं बळ या क्रमात आहे.

इजिप्तचा अंतोन घ्या. तिसऱ्या शतकातला हा खातापिता तरुण देवळात शिरला, तेव्हा शुभवर्तमानाचं वाचन चाललं होतं. असेल नसेल ते विकून गरिबांना दे, असं येशू एका श्रीमंत तरुणाला सांगतो, तो प्रसंग. अंतोनला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलं. त्याने वडिलार्जित जमीन वाटून टाकली आणि पुढे वाळवंट जवळ केलं. असिसीच्या फ्रान्सिसचंही तेच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एका लहानशा देवळात शिष्यांच्या पाठवणीचा उतारा त्याच्या कानावर आला. मिस्सा झाल्यावर त्याने धर्मगुरूंकडून अर्थ समजून घेतला आणि पायांतल्या वहाणा काढून टाकल्या. दोघांचंही आयुष्य पालटलं ते ऐकून.

जेरोमचं लॅटिन भाषांतर, त्यावर ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये उमटवलेली मोहोर, १८९३ आणि १९४३ ची पोपमहोदयांची परिपत्रकं हा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. तिथे रेंगाळत नाही. मला ओढ आहे ती राशोलची.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचं क्रिस्तपुराण राशोलला छापून झालं. जवळपास अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. ग्रंथाच्या आरंभीच एक श्रोता विनवतो, की आमची जुनी पुराणं बंद झाली, आता आम्हाला नवं काही द्या. ही मागणी नीट ऐका. त्या माणसाला प्रश्नोत्तरांची वही नको होती. संध्याकाळी दहाजणांनी बसून ऐकावी, मुलांनी ऐकता ऐकता पाठ करावी, अशी कथा त्याला हवी होती. स्टीफन्सनी ती ओवीत दिली, कारण इथल्या कानाला ओवीची सवय होती. क्रिस्तपुराण हे भाषांतर नव्हेच, असं म्हणून काहीजण त्याला बाजूला सारतात. मी उलट म्हणेन, की शास्त्र लोकांच्या कानापर्यंत कसं न्यावं, याचा त्याहून मोठा धडा मराठीत नाही. १६८४ च्या फर्मानाने गोव्यात पोर्तुगीजची सक्ती करून स्थानिक भाषा दडपायला घेतल्या, तेव्हा केवळ बोली तुटली नाही, वचनाची पायवाटच मोडली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती वाट पुन्हा मोकळी केली. माझ्या लहानपणी वेदीवरची लॅटिन दुरून ऐकू यायची आणि आजी जपमाळ ओढत असायची. मग मराठी आली. १९६९ मध्ये वाचनांचा नवा क्रम आला. रविवारांसाठी तीन वर्षांचं चक्र, एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक, आणि जोडीला जुना करार. शुभवर्तमान धर्मगुरूंकडे राहिलं, पण आधीची वाचनं प्रापंचिक माणसांच्या हाती आली. माझं आयुष्य त्या वाचनपीठापाशी गेलं.

वाचकांना मी पहिला धडा द्यायचो क्रियापदाचा. मराठीत ते शेवटी येतं. पौलाच्या पत्रातलं लांब वाक्य निम्म्यावर दम टाकून वाचलं, तर देवाने नक्की काय केलं ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. म्हणून श्वास क्रियापदासाठी राखायचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं, तेव्हा मी ते आधी मोठ्याने वाचून पाहिलं. वाक्यं जिभेवर बसत होती. मला तेवढं पुरे होतं.

फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या एक बाई आमच्या वर्गात यायच्या. ईस्टरच्या आदल्या रात्री जुन्या करारातली सात वाचनं असतात. त्यांच्या वाट्याला पाचवं आलं, यशयाचं. पाऊस जमीन भिजवून, पेरणाऱ्याला बी देऊनच माघारी जातो, तसंच देवाचं वचनही काम केल्याशिवाय परतत नाही, असा तो उतारा. तालमीत त्या ‘बी’ या शब्दापाशी थांबल्या. मी म्हटलं, ‘‘बाय, इथे स्वल्पविराम नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘सर, बी पडल्यावर जरा थांबावंच लागतं.’’ मी वहीतली खूण खोडली. त्या रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात त्या तशाच थांबल्या आणि त्या क्षणभरात सारं देऊळ निःशब्द झालं.

आज काय आहे? मिस्सेला पाच मिनिटं उरली असताना वाचक शोधला जातो. एका देवळात आगमनकाळातल्या रविवारी एक गुणी मुलगा यशया वाचायला उभा राहिला. इंग्रजी शाळेत शिकलेला, म्हणून कोणीतरी त्याला मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहून दिला होता. प्रभूची वाट सिद्ध करायची, तिथे त्याने ‘वात’ वाचलं. मला भरून आलं. दोष मुलाचा नव्हता. त्याच्यापाशी तासभर कोणी बसलं नव्हतं. क्रिस्तपुराणही रोमन लिपीतच छापलं होतं, असं मला ऐकवतात. छापलं होतं, कारण देवनागरी खिळे नव्हते. पण म्हणणाऱ्यांच्या कानात मराठी होती, आणि लिपीने अडू नये इतकी होती. रोज सकाळी फोनवर सूर्योदयाच्या चित्रासह एक सुटं वचन येतं, त्याने ही उणीव भरून निघत नाही. मागचंपुढचं तोडलेलं वचन दिलासा देतं, माणसाला घडवत नाही.

मला एवढंच मागायचं आहे, की प्रत्येक देवळाने आठवड्यातला एक तास वाचकांना द्यावा. रविवारची वाचनं तीनदा मोठ्याने वाचून घ्यावीत, एकदा अर्थासाठी, एकदा श्वासासाठी, एकदा मागच्या बाकावरच्या म्हातारीसाठी. त्या फुलवाल्या बाई आता थकल्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही. पण यशयाचा तो उतारा त्यांना मुखोद्गत आहे, आणि ‘बी’पाशी त्या अजून थांबतात.