भाव बदलला, नकला जुन्याच

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पुढच्या हंगामात ८,११० झाला. समजा, अकोटच्या एखाद्या जिनिंगवाल्यानं मूळ तक्त्यात नवा भाव भरला, पण काट्यांवर व्हॉट्सॲपनं गेलेल्या नकला तशाच राहिल्या. वीस क्विंटलच्या गाडीमागे ११,७८० रुपयांचा घोळ! फाइलची नकल केली, की मूळ फाइलशी तिची नाळ तुटते.

इलाज आहे. भाव एकाच शीटमध्ये ठेवायचा, बाकीच्यांनी गूगल शीट्सच्या ‘इम्पोर्टरेंज’ सूत्रानं तिथून ओढायचा. पहिल्यांदा परवानगी द्यावी लागते, एवढंच. मेख वेगळीच आहे: येतो फक्त आकडा, मागचं सूत्र नाही. ओलाव्याच्या कपातीचं सूत्र सुधारलं, तर प्रत्येक नकलेत ते हातानंच बदला. मी असतो तर नकला वाटल्याच नसत्या. एकच शीट सगळ्या काट्यांवर उघडून दिली असती.