बर्फाखालचा दांडगा मासा

स्वीडनमधली तळी हिवाळ्यात वरून गोठतात, पण खाली पाईक मासा शिकार करतच असतो. मोठा पाईक मीटरभर लांब, १० किलोंहूनही जड! त्याला पकडायला सामान कसं निवडाल?

गिरमिटानं पाडलेलं भोक २० ते २५ सेंटिमीटर रुंद हवं. नाहीतर एवढा मासा वर येणार कसा? मासा गळाला लागताच वर उडणारं छोटं निशाण हवं. दोरी मजबूत हवीच, पण पाईकचे दात सुरीसारखे बरं का! म्हणून गळाजवळ पोलादी तार लावतात. तारेअभावी दोरी तुटली, तर गळ तोंडात घेऊनच मासा निसटतो. बिचाऱ्याचे हाल! गळ सोडवायला लांब पक्कडही हवी.

आणि स्वतःसाठी? निदान १० सेंटिमीटर जाडीचा टणक बर्फ, गळ्यात दोन टोकदार टोचे अन् सोबतीला मोठं माणूस. पाण्यात पडलंच कुणी, तर टोचे बर्फात रोवून बाहेर येता येतं. मासा नंतर, जीव आधी!