सात जण, नव्वद द्राख्मा

इ.स.पूर्व ४८० मध्ये पर्शियन फौजेनं अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरची देवळं जाळली. त्यात अथीना देवीचंही देऊळ गेलं. तिच्या जुन्या लाकडी मूर्तीसाठी पुढे तिथेच नवं देऊळ बांधलं गेलं, ते एरेक्थिऑन. त्याच्या बांधकामाचा जमाखर्च अथेन्सकरांनी दगडावर कोरून ठेवला आणि त्या शिळांचे तुकडे आजवर टिकले आहेत. कोणी काय केलं आणि त्याला किती मिळाले, हे त्यांत नावानिशी आहे. त्यावरून इ.स.पूर्व ४०८-४०७ मधला कामाचा एक दिवस डोळ्यांपुढे उभा करता येतो.

सूर्योदय. हिमेटस डोंगरावरून येणारं ऊन थेट पूर्वेच्या सहा खांबांवर पडतं. खांब उभे झालेत, पण अंग अजून कोरं आहे. प्रत्येकावर चोवीस उभ्या पन्हळी पाडायच्या आहेत. त्या आधी पाडल्या तर दगड चढवताना कडा उडतात, म्हणून हे काम शेवटी. एका खांबाभोवतीच्या परांचीवर सिमियास आणि त्याचे सहा जोडीदार चढलेत. सिमियास अथेन्सचा नागरिक नाही, बाहेरून येऊन आलोपेके वस्तीत राहिलेला. जोडीदारांत बहुतेक त्याचेच गुलाम: सिंड्रॉन, सॅनिऑन, एपिइकेस, सोसँड्रोस.

सकाळ चढते. हीच खरी कामाची वेळ, कारण तिरप्या उन्हात पन्हळीतला बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. दोन पन्हळींच्या मधे अरुंद सपाट पट्टी राखायची असते. छिन्नी एकदा खोल गेली की पट्टी गेली. संगमरवर परत भरता येत नाही. आणि सात जणांचे सात हात एकाच खांबावर चालतात. पन्हळ कोणाची हे नंतर ओळखू येता कामा नये. शेजारच्या पार्थेनॉन देवळाचं नाव निघालं की पेरिक्लेस आणि फिडियस आठवतात. इथे मात्र टाकी चालवणाऱ्याचंही नाव हाती लागतं, म्हणून मला हे देऊळ अधिक जवळचं आहे.

दुपारच्या आधी मूर्तिकारांकडे. वरच्या पट्ट्यासाठी एल्युसिसचा काळसर दगड लावलाय. पांढऱ्या संगमरवरी आकृत्या वेगळ्या घडवून त्यावर खिळ्यांनी बसवायच्या. दर ठरलेला, एका आकृतीला साठ द्राख्मा. कोलिटोसच्या इयासोसनं एक स्त्री आणि तिला बिलगलेली मुलगी घडवली, त्याचे ऐंशी.

भर दुपार. भाकरी, ऑलिव्ह, कांदा. स्पार्टाशी युद्ध चालू आहे. इ.स.पूर्व ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचं आरमार बुडालं. त्याच वर्षी स्पार्टानं अथेन्सच्याच मुलखातल्या डेकेलियात तळ ठोकला. तेव्हापासून शेतं हातची गेलीत, धान्य समुद्रमार्गे येतंय. वीस हजारांवर गुलाम पळून गेल्याचं इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. अशा काळात शहरानं रखडलेलं देऊळ पुन्हा हाती घेतलं. मला हा त्यांचा हट्ट फार मोठा वाटतो.

तिसरा प्रहर. लाकूड कापणारे रोजावर, दिवसाला एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल. छताखालच्या नक्षीत मेण मिसळलेला रंग भरणाऱ्याला फुटाला पाच ओबोल.

सांज. कारकून हिशेब मांडतो. नकलांसाठी पपायरसचे दोन ताव घेतले, दोन द्राख्मा चार ओबोल. म्हणजे एक ताव मजुराच्या रोजाहून महाग. वास्तुकार आर्किलोकोस, सदतीस दिवसांचे सदतीस द्राख्मा. मजुराला जो रोज, तोच त्यालाही. कारकुनाला स्वतःला दिवसाचे पाचच ओबोल.

मग पन्हळींचा चुकारा. खांबामागे टोळीला या वेळी नव्वद द्राख्मा. पाच जणांची टोळी असेल तर प्रत्येकी अठरा, हिशेब सरळ. सिमियासकडे सात जण. नव्वदाचे झाले पाचशे चाळीस ओबोल. प्रत्येकी सत्त्याहत्तर, म्हणजे बारा द्राख्मा पाच ओबोल, आणि एक ओबोल उरतो. तो सिमियासला, म्हणून शिळेवर त्याच्या नावापुढे तेरा द्राख्मा आहेत. बाकी सहा जोडीदारांना, गुलाम असो वा नसो, सारखेच. गुलामाचे पैसे मालकाच्याच हाती पडत, हे विसरता येत नाही. पण कामाचा भाव मात्र माणूस पाहून ठरलेला नाही.

पुढे काम पुरं झालं आणि इ.स.पूर्व ४०४ मध्ये अथेन्सनं स्पार्टापुढे शरणागती पत्करली. देवळाचं चर्च झालं, तुर्कांच्या काळात किल्लेदाराचा जनानखाना. पूर्वेच्या त्या सहांपैकी एक खांब ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उतरवून नेला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लंडनला राहणाऱ्यांनी तो जवळून पाहावा. दोन पन्हळींमधली पट्टी वरपासून खालपर्यंत नीट पाहावी.